तुरीची रीत

अकोल्यात खुशालरावांच्या दालमिलमध्ये मी कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट. साल पासष्ट. मिलच्या मागे सिमेंटचा मोठा ओटा होता. तिथे तूर वाळायची आणि त्या ओट्यावर काम करणाऱ्या तीस बायांची मुकादमीण होती सुंदराबाई.

चक्कीवर घालण्याआधी तुरीचं साल सुटावं लागतं. त्यासाठी तिला जवसाचं तेल चोळायचं, ढीग लावून ठेवायची, मग दोन-तीन दिवस उन्हात पसरायची, संध्याकाळी पाणी शिंपून तरटाखाली झाकायची, पुन्हा ऊन दाखवायचं. हे जमलं तर दाणा चक्कीत दोन सारख्या फाकांत फुटतो. नाही जमलं तर चुरी होते आणि ती ढोरांच्या पुढ्यात जाते. तेल किती, पाणी किती, ऊन किती, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सुंदराबाई ओट्यावरून चालत जायची, वाकून दोन दाणे उचलायची, एक दाताखाली फोडायची आणि म्हणायची, "आजून एक ऊन." किंवा, "झाली. उचला." तिचा शब्द चुकलेला मी पाहिला नव्हता. चक्कीवरचे नत्थुजी दरवर्षी म्हणत, सुंदरानं पाठवलेला माल डोळे मिटून टाकावा.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सुंदराबाई चक्कीच्या खोलीत कधी जात नसे. तूर सालासकट असेपर्यंत तिच्या हातची. साल निघून पिवळी डाळ झाली की तिला आणि तिच्यासारख्या बायांना तिकडे मनाई होती. आधी ही मंडळी महार म्हणून, आणि छप्पन साली बौद्ध झाली तरीही तसंच. कोणी पाटी लावली नव्हती, कोणी तोंडानं म्हणत नव्हतं. ओटा संपून चक्कीचा उंबरा जिथे सुरू व्हायचा, तिथे बाया टोपली ठेवून परत फिरायच्या. मी नांदगाव खंडेश्वरच्या शेतकरी घरचा, माझ्या घरीही विहिरीवर असंच चाललेलं होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी बोललो नसतो.

त्या वर्षी खुशालरावांनी अमरावतीला बडनेरा रस्त्यावर दुसरी मिल काढायचं ठरवलं. चक्क्या येणार होत्या, माणसं मिळणार होती, पण सुंदराबाई एकच होती. त्यांचा मेहुणा मुंबईहून टेप रेकॉर्डर घेऊन आला होता, दोन चकत्यांचा, जड पेटीसारखा. खुशालरावांनी तो ऑफिसात आणून ठेवला आणि मला म्हणाले, "जानराव, सुंदराले याच्यापुढं बसव. तिले जे येते ते सारं बोलू दे. मंग तू सावकाश आयकून कागदावर उतरव. अमरावतीची माणसं त्या कागदावर काम करतीन."

"किती दिवसांत पायजे?"

"महिनाभर घे. पण रीळ एकच हाये. फालतू गप्पा भरू नको त्यात. बाया बोलाले लागल्या की कुठल्या कुठं जातात."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सुंदराबाई आली. पन्नाशीची असेल. उंच, वाळकी, उन्हानं काळवंडलेली, तळपाय सिमेंटवर चालून चालून टणक झालेले. ती ऑफिसच्या दाराशी खाली बसू लागली. मी तिला स्टुलावर बसवलं, कारण माइक टेबलावर होता.

"काय बोलू?" ती म्हणाली.

"तूर येते तथून सुरू करा. चाळणीपासून."

तिनं सुरू केलं. पहिल्या दिवशी आवाज बारीक होता, नंतर मोकळा झाला. तेल चोळायचं ते तळव्यानं, बोटानं नाही. पावसाळी तुरीला तेल जास्त. शिंपायचं पाणी सकाळी भरून ठेवलेलं, ताजं विहिरीचं नाही. ढिगात हात कोपरापर्यंत घालायचा आणि आत ऊब लागली पाहिजे, लेकराच्या अंगाला लागते तेवढी. मी मान डोलवत होतो आणि चकत्या फिरत होत्या. उंबऱ्याशी आलो तेव्हा मी विचारलं, "मंग चक्कीवर गेल्यावर?"

"तथलं मले मालूम नाई, बाबू. मी तथी कधी गेली नाई."

हे रिळावर आहे. मी ते कागदावर उतरवताना लिहिलं, पुढील काम चक्कीवाले पाहतील.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी उन्हाचं चाललं होतं. सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, पायानं सरी ओढून तूर कशी उलटवायची ते. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "आन वैशाखात अलग असते. ते मले मनकर्णा गेली त्या दिवशी समजलं. माही पोरगी. सा वर्साची होती. त्या दिवशी सकाळपासून तिले..."

मी खटका दाबला. चकत्या थांबल्या. म्हटलं, "सुंदराबाई, घरचं नंतर. रीळ कमी हाये. कामाचंच बोला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली नाही. "बरं," म्हणाली. "कुठलोक आली होती मी?"

"ऊन झालं. आता पाणी शिंपायचं."

मी खटका परत दाबला आणि ती पाण्यावर बोलू लागली. वैशाखाचं राहून गेलं. मला त्याची आठवणसुद्धा राहिली नाही.

असं आणखी दोनदा झालं. एकदा ती तिच्या मुलावर गेली, श्रावणवर, आणि मी मशीन थांबवलं. एकदा आणखी कशावर तरी. आठ दिवसांत काम संपलं. तिला तिचा आवाज मी ऐकवला. ती कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "मी इतकी शहानी वाटून राहिली याच्यात."

महिनाभर मी रीळ फिरवून फिरवून लिहिलं. बारा पानं झाली. वर शीर्षक दिलं, तूर वाळवण्याची रीत, खाली लिहिलं, तयार करणार जा. मो. ठाकरे, कारकून. खुशालरावांनी पानं उलटून पाहिली आणि प्रती काढायला सांगितलं. सुंदराबाईचं नाव त्यात कुठेच नव्हतं. ते घालावं असं मला सुचलं नाही.

अमरावतीची मिल पुढच्या फेब्रुवारीत सुरू झाली. पहिले दोन महिने ठीक गेले. एप्रिल संपता संपता तिथल्या सहदेव फोरमनचं पत्र आलं की माल फुटतो आहे, टोपलीभर डाळीत अर्धी चुरी निघते. कागदाप्रमाणेच सगळं करतो आहोत. दुसरं पत्र आलं, तिसरं आलं. खुशालरावांनी मला बोलावलं. "तुह्या कागदात काही तरी राह्यलं हाये."

मी दोन दिवस रीळ ऐकलं. कागदाशी ताडून पाहिलं. घरच्या गोष्टींची तुटकी वाक्यं सोडली, तर एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

"मंग सुंदराले घेऊन जा," खुशालराव म्हणाले. "आठ दिवस राहा तिथी. काय चुकून राह्यलं ते पाहा आन लिहून आण."

मे महिन्याचे दिवस होते. पन्नाशीच्या बाईला त्या उन्हात परक्या ओट्यावर न्यायचं, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण ती रोज अकोल्याच्या ओट्यावर उभी राहतच होती. आणि मी विचारलं तर ती आनंदली. तिचा श्रावण अमरावतीलाच सरकारी ऑफिसात कारकून होता, खोली करून राहत होता. आईनं काम सोडून आपल्याकडे यावं म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. "आठ दिवस त्याच्याजवळ राहीन," ती म्हणाली. तिनं गाठोड्यात ज्वारीचं पीठ, मिरचीचा ठेचा आणि त्याच्यासाठी शिवलेली गोधडी घेतली. आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरलो.

श्रावणच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या लीलाबाईंनी सांगितलं की तो ऑफिसच्या कामानं चांदूर रेल्वेला गेला आहे, शनिवारी येईल. आम्ही गेलो तो मंगळवार होता. किल्ली लीलाबाईंकडे होती. सुंदराबाईनं खोली उघडली, झाडली, त्याचे कपडे धुऊन वाळत घातले. मी मिलमध्येच एका खोलीत उतरलो.

बुधवारी सकाळी ती ओट्यावर गेली. तिथल्या बाया नव्या होत्या, ऊन चुकवत कडेच्या सावलीत उभ्या राहायच्या. ती सरळ तुरीत उतरली आणि पायांनी सरी ओढू लागली. तिनं तेल पाहिलं, पाणी पाहिलं. ढिगात हात घातला. सगळं बरोबर होतं. ती गोंधळली. दुपारी बारा वाजता लू सुटली. बडनेऱ्याकडून येणारा तो वारा तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा लागतो. तिनं एक दाणा दाताखाली घेतला, तो कट् करून तुटला. ती माझ्याकडे वळली.

"बाबू, दुपारच्याले हे झाकून नाई राह्यले काय?"

"झाकायचं? उन्हात?"

"वैशाखातली लू लागली का तूर वरून करपते आन आतून वली राह्यते. मंग चक्कीत भुगा होते. बारा वाजता ढीग लावा लागते, तरट टाका लागते. दोन तास. मंग पुन्हा पसरा."

"हे कागदात नाई," मी म्हणालो. "हे तुमी टेपवर का नाई सांगितलं?"

"सांगत होती ना," ती म्हणाली. "तुमी बंद केलं."

आवाजात दोष नव्हता. झालं ते सांगत होती. आणि मग तरटं आणेपर्यंत तिथे उभ्या उभ्या तिनं ते सांगितलं, जे मी आठ महिन्यांपूर्वी सांगू दिलं नव्हतं. एक्केचाळीस साली, वैशाखात, ती ओट्यावर होती. मनकर्णाला रात्रीपासून उलट्या होत होत्या. मुकादम सोडत नव्हता, म्हणून ती मुलीला सासूजवळ ठेवून आली होती. दुपारच्याला माणूस धावत आला. ती हातातलं टाकून घरी गेली. तिच्या वाट्याची तूर पसरलेली राहू नये म्हणून बाजूच्या बायांनी घाईघाईनं तिचा ढीग लावला, वर तरट फेकलं आणि तिच्या मागं त्याही गेल्या. मनकर्णा संध्याकाळच्या आत गेली. तिसऱ्या दिवशी सुंदराबाई कामावर परत आली तेव्हा नत्थुजींनी दुरूनच सांगितलं की त्या दिवशीचा सगळा माल फुटला, फक्त तुझ्या ढिगाची डाळ साबूत निघाली.

"मंग मी दरसाल वैशाखात झाकू लागली," ती म्हणाली. "कोणी काऊन म्हणून इचारलं नाई. अकोल्यात साऱ्या बायाईले आता सवय हाय."

तरटं आली, मी बायांना ती टाकायला लावली.

गुरुवारी झाकलेला माल संध्याकाळी चक्कीवर गेला. सहदेव बाहेर आला, खुशीत होता. तो वाशीमकडचा माणूस, अकोल्याच्या मिलमधली उंबऱ्याची रीत त्याला ठाऊक नव्हती. "बाई, आत या, पाहा तुमची डाळ," म्हणाला.

सुंदराबाई उंबऱ्याशी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, मग वर केली आणि म्हणालो, "जा ना." तेवढंच. ती आत गेली. चक्कीखाली पोत्यात डाळ पडत होती. तिनं ओंजळ पुढे केली.

"गरम असते," ती म्हणाली. "इतक्या वर्सात मले मालूम नव्हतं का गरम असते म्हणून."

ओंजळ बराच वेळ तशीच धरून ती उभी राहिली. मग डाळ पोत्यात परत सोडली आणि हात पदराला पुसले.

शुक्रवारी ती आली नसती तरी चाललं असतं. काम समजलं होतं. पण खुशालरावांनी आठ दिवस म्हटलं होतं, आणि मला सगळं पुन्हा नीट लिहून घ्यायचं होतं, तास-मिनिटांसकट. या वेळी काही राहू द्यायचं नाही असा मी ध्यास घेतला होता. मी सावलीत वही घेऊन बसलो होतो आणि ती उन्हात उभी राहून सांगत होती. किती वाजता झाकलं, किती वाजता उघडलं. दोनच्या सुमाराला ती म्हणाली, "बाबू, डोकं कसं तरी होऊन राह्यलं." मी म्हणालो, "एवढं उघडून घेऊ, मंग बसा." तिनं तरटाचं एक टोक उचललं. दुसरं उचलायला वाकली, ती वर आलीच नाही.

आम्ही तिला सावलीत आणलं. अंग भाजल्यासारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. बायांनी कांद्याचा रस तळपायाला चोळला, पाणी मारलं. सहदेवनं टांगा आणला. दवाखान्यात डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. ती मधून मधून बोलत होती, पण आमच्याशी नाही. रात्री आठला गेली.

मी सहदेवच्या माणसाला चांदूरला पाठवलं. श्रावण शनिवारी सकाळी आला, पण तो यायचाच होता शनिवारी. त्याला पाहून मला वाटलं की तो ओरडेल, मला मारेल. बावीस वर्षांचा पोरगा. त्यानं आईचे पाय पाहिले, तळपाय, आणि त्यावर हात ठेवून बसून राहिला. संध्याकाळी अमरावतीतच त्याच्या वस्तीतल्या लोकांनी सगळं केलं, बुद्धवंदना झाली. मी एका कडेला उभा होतो. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

तीन आठवड्यांनी, रविवारी, तो अकोल्याला आला. मिल बंद होती, मी एकटाच ऑफिसात होतो. तो दाराशी उभा राहिला. "जानरावजी, आईचा आवाज तुमच्याजवळ हाये म्हणतात. आयकू देता?"

मी त्याला स्टुलावर बसवलं, त्याच. मशीन लावलं. तेल चोळायचं ते तळव्यानं, बोटानं नाही. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. ढिगातल्या उबेचं आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. मग "मनकर्णा गेली त्या दिवशी समजलं" आलं, आणि "त्या दिवशी सकाळपासून तिले" आणि खट्.

"थांबवा," तो म्हणाला. "मनकर्णा कोण?"

त्याला माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा तो जन्मलाही नव्हता, आणि आईनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, मी मशीन बंद केलं तेही, त्या बंद केल्यामुळे कागदात काय राहिलं तेही, आणि ते राहिलं म्हणून त्याच्या आईला मे महिन्यात कोणी अमरावतीला नेलं तेही. तो खिडकीबाहेर रिकाम्या ओट्याकडे पाहत होता.

"हे तुमी मले नसतं सांगितलं तं चाललं असतं," तो म्हणाला.

"मले नसतं चाललं."

"हो. तुमाले." तो पुन्हा मशीनकडे वळला. "लावा पुढं."

दुसऱ्यांदा खट् झालं तेव्हा त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिथलं तिचं पुढचं बोलणं मला आठवत होतं, ते मी सांगितलं. त्याचा मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी ती वर्तमानपत्र घेऊन मिलमध्ये आली होती आणि तिनं त्याचा नंबर तिघांकडून वेगवेगळा वाचून घेतला होता, एकाच माणसावर भरवसा नको म्हणून. तो हे ऐकून थोडा हसला आणि मग त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

तिसऱ्या ठिकाणी ती म्हणते, "पाणी सकाळीच भरून ठेवा लागते. माहे मालक जिते होते तवा ते..." आणि खट्.

"इथी?" श्रावणनं विचारलं. "बाबांचं काय म्हणत होती?"

मी आठवू लागलो. त्या दिवशी बाहेर तुरीच्या बैलबंड्या आल्या होत्या, खुशालराव दारातून काही विचारत होते, मी घड्याळ पाहिलं होतं. हे सगळं आठवलं. ती काय बोलली ते आठवेना. तिचे ओठ हलताना दिसत होते.

"नाई आठवत," मी म्हणालो.

मी पुन्हा पुन्हा तो तुकडा लावला, खटक्यापर्यंत, जणू पुढचं आपोआप येईल. चार-पाच वेळा. शेवटी त्यानंच माझा हात मशीनवरून बाजूला केला. "राहू द्या."

मी म्हणालो की खुशालरावांना विचारून रीळ तुम्हाला देतो. तो म्हणाला, माझ्याकडे मशीन कुठं आहे. मग म्हणाला, "तुमी लिहिता चांगलं. मनकर्णाचं तेवढं लिहून द्या. आईनं सांगितलं तसं. तुमच्या भाषेत नाई."

मी कागद घेतला आणि लिहायला बसलो. तास गेला. तो समोर बसून होता, मध्ये एकदा उठून माठातलं पाणी प्याला. मी लिहिलेलं त्याच्या हाती दिलं. त्यानं बोट ठेवून वाचलं. एका ओळीवर थांबला आणि म्हणाला, "'दुपारी माणूस आला' असं नाई म्हणत आई. 'दुपारच्याले' म्हणते."

मी खोडून तसं केलं. त्यानं कागदाच्या चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि अमरावतीची मोटार किती वाजता सुटते ते विचारलं.